लुडबुड करू द्या की!

रविवारची सकाळ. जुनं वर्तमानपत्र पसरून मेथीच्या दोन जुड्या सोडल्यात, मी पानं खुडतोय. अडीच वर्षांचा धाकटा कुठूनतरी येतो आणि बरोबर कागदाच्या मधोमध फतकल मारून बसतो. एक काडी उचलतो, जोर लावून पान तोडतो, पान कागदावर टाकतो आणि काडी पातेल्यात. म्हणजे नेमकं उलटं. मग एक पान तोंडात घालून बघतो. कडू लागतं. ते थुंकलेलं पान मात्र न चुकता पातेल्यात जातं. आतून आजीचा आवाज येतो, "अरे, उचल त्याला तिथून. दुपार होईल तुला भाजी निवडायला."

दुपार काही होत नाही. एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं: एकट्याला वीस मिनिटं लागतात, त्याला घेऊन पस्तीस. ही वरची पंधरा मिनिटं वाया जातात की कुठे जमा होतात, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मराठीत या प्रकाराला अगदी नेमका शब्द आहे, लुडबुड. गंमत म्हणजे तो आपण कायम रागावण्यासाठीच वापरतो. "आज काय सुंदर लुडबुड केलीस!" असं कौतुक मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. दोन वर्षांचं पोर ओट्याशी आलं की आपण त्याला बाहेर पिटाळतो, नाही गेलं तर हातात मोबाईल देतो आणि तेवढ्यात कामं उरकून घेतो. तेच पोर आठ वर्षांचं झालं की आपणच गळा काढतो, "जेवलेलं ताटसुद्धा उचलत नाही, घरात काय चाललंय याची शुद्ध नाही." मधल्या सहा वर्षांत आपण त्याला रोज, न चुकता, एक धडा दिलेला असतो: हे काम तुझं नाही, तू तिकडे खेळ. पोराने तो धडा नीट गिरवला, यात त्याचं काय चुकलं?

आधी मुळात हे पोर ओट्याशी येतं कशाला, ते पाहू. आपल्याला वाटतं त्याला पसारा करायचाय, नाहीतर आपलं लक्ष वेधून घ्यायचंय. थोडंफार तेही असतं. पण त्याहून जास्त काहीतरी असतं, आणि ते प्रयोगात दिसलेलं आहे. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अठरा महिन्यांच्या २४ मुलांसमोर वेगवेगळे प्रसंग उभे केले. २००६ साली हे काम 'सायन्स' या नियतकालिकात आलं. त्यातला एक प्रसंग आपल्या कुठल्याही गॅलरीत रोज घडणारा आहे. एक माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय. हातातला चिमटा खाली पडतो. तो वाकून हात लांब करतो, पण हात पोचत नाही. मुलाला तो काही सांगत नाही, मागत नाही. तरी मूल दुडुदुडु जातं, चिमटा उचलतं आणि त्याच्या हातात देतं. दुसऱ्या प्रसंगात माणसाचे दोन्ही हात मासिकांच्या गठ्ठ्याने भरलेले, आणि तो बंद कपाटावर जाऊन आपटतोय. मूल येऊन कपाटाचं दार उघडतं. २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी अशी मदत केली, तीही बहुतेक वेळा काही सेकंदांच्या आत.

खरी मेख पुढे आहे. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम खाली फेकला, तेव्हा मुलं सहसा उचलायला गेली नाहीत. म्हणजे पडलेली वस्तू दिसली की उचलायची, असा तो खेळ नव्हता. समोरच्याला काय करायचंय आणि त्याचं कुठे अडलंय, हे त्या दीड वर्षाच्या जिवाला कळत होतं.

थोडक्यात, मदतीची हौस चालायला लागल्याबरोबर येते, आणि अक्कल त्यानंतर चार-पाच वर्षांनी. मधला जो काळ, त्याचंच नाव लुडबुड. त्या काळात मुलाची मदत आपल्याला उपयोगी नसते, उलट महागात पडते. म्हणून आपण ती परत करतो. आणि जेव्हा ती उपयोगी पडू शकेल तेव्हा हौस गेलेली असते.

सगळीकडे असंच होतं का? नाही. बार्बरा रोगॉफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९७४ पासून ग्वाटेमालातल्या सॅन पेद्रो नावाच्या माया लोकांच्या गावात अभ्यास करत आल्या आहेत. १९९३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ठिकाणच्या चिमुकल्यांची तुलना प्रसिद्ध केली: हे सॅन पेद्रो, अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी, तुर्कस्तानातली एक शहरी वस्ती आणि आपल्याकडचं ढोल-की-पट्टी हे आदिवासी गाव. शहरी आईबाप मुलाला समोर बसवत, त्याच्या पातळीवर उतरून खेळत, शिकवत, "वा वा" करत. सॅन पेद्रो आणि ढोल-की-पट्टीत मोठी माणसं आपलं काम किंवा गप्पा चालू ठेवत आणि मूल त्यातच एका बाजूला असे. त्याला कुणी धडा देत नसे. ते पाहत असे, मध्येच हात घालत असे, आणि अडलं तर कुणीतरी न बोलता त्याचा हात धरून वळवत असे.

पुढे मेक्सिकोत, ग्वादालाहारा शहरात, रोगॉफ यांच्या गटातल्या संशोधकांनी एकाच शहरातल्या दोन तऱ्हेच्या आयांना विचारलं, तुमची शाळकरी मुलं घरात काय करतात? ज्यांच्या घराण्यात तिथल्या मूळ रहिवाशांची रीत अजून टिकून होती, त्या आया म्हणाल्या, झाडतात, धाकट्याला सांभाळतात, स्वयंपाकाला हात लावतात, आणि बऱ्याचदा कुणी न सांगता. पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या, सुस्थित घरातल्या आयांची मुलं आपापली खेळणी आणि कपडे उचलत, तेही मागे लागल्यावर, नाहीतर काहीतरी कबूल करून घेतल्यावर. तिकडे स्पॅनिशमध्ये 'आकोमेदीदो' असा एक शब्द आहे. समोर काय अडलंय ते बघून, सांगायची वाट न पाहता हात लावणारा तो आकोमेदीदो. आपल्याकडे यासाठी एक शब्द नाही, पण "तिला सांगावं लागत नाही हो" हे वाक्य आहे आणि ते आपण 'तिला'च का वापरतो, याकडे पुढे येतो.

या दोन घरांमधला फरक मला सगळ्यात जास्त एका बारीक गोष्टीत दिसतो. सुस्थित घरात आई काम करते ती मूल झोपल्यावर, किंवा मूल शाळेत असताना. मूल जागं असताना वेळ मुलाचा: खेळ, पुस्तक, क्लास, बाग. म्हणजे मुलाच्या जाग्या डोळ्यांसमोर घरकाम होतच नाही. कपडे आपोआप घडी होऊन कपाटात येतात, ताट आपोआप समोर येतं. मग ते बिचारं कुठून शिकणार?

आता आपल्या घरी येऊ.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी. तिथे काम लपवायला जागाच नव्हती. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया आणि पापड वाळत घातले की कावळे हाकलायला एखादं चार-पाच वर्षांचं पोर हातात काठी देऊन बसवायचे. हे काम पाहा किती विचार करून दिलेलं आहे. खरं काम आहे, कारण कावळा खरंच पापड पळवतो. सोपं आहे. पोर चुकलं तर नुकसान दोन पापडांचं. शिवाय कामाच्या जागी बसल्यामुळे कुरडईचा चीक कसा शिजवतात, सोऱ्या कसा दाबतात, कोण कुणाशी भांडलंय हे सगळं फुकटात कळतं, वर वाटीभर गरम चीक खायला मिळतो. दिवाळीत करंज्यांना बायका जमल्या की आम्हाला कातण मिळायचं. लाटणं नाही, सारण नाही, फक्त कडेने कातण फिरवायचं. ते फिरवता येऊ लागलं की पुढच्या वर्षी सारण भरायला बढती.

खेळात यालाच आपण लिंबूटिंबू म्हणतो, मुंबईत कच्चा लिंबू. धाकट्या भावाला लपाछपीत घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. तो धावतो, ओरडतो, भलत्याच ठिकाणी लपतो, खेळ बिघडत नाही आणि नियम मात्र त्याच्या अंगात मुरतात. एके दिवशी त्याला कुणी न सांगता तो पक्का गडी होतो. खेळात हे इतकं सहज जमवणारे आपण, कामात मात्र त्याला थेट मैदानाबाहेर काढतो. माझं म्हणणं एवढंच आहे की घरकामातही लिंबूटिंबू ठेवावा.

लिंबूटिंबूची एक अट मात्र आहे, मैदान खरं हवं. धाकट्याला शांत ठेवायला आम्ही प्लॅस्टिकची छोटी भातुकली आणून दिली होती. पंधरा मिनिटं खेळला आणि पुन्हा ओट्याशी हजर. त्याला खोटी पोळी नको होती, जी ताटात वाढली जाते ती हवी होती. मग कणकेचा लिंबाएवढा गोळा आणि पोळपाटाचा कोपरा त्याला दिला. जे काही तयार होतं त्याला पोळी म्हणायची हिंमत लागते. आकार साधारण गुजरातच्या नकाशासारखा, एकीकडे जाड, एकीकडे भोक. पण ती तव्यावर जाते, फुगत नाही, तूप लागून ताटात येते आणि आजी ती सगळ्यांसमोर खाते. एवढं झालं की काम पुरं झालं. त्याने लाटलेली कणीक नंतर गुपचूप कचऱ्यात टाकली, तर तो हा खेळ आठवडाभरात ओळखेल. मुलांना खोटं काम फार लवकर कळतं.

भांडण बहुतेक घरांत इथे येतं: बक्षीस द्यावं का? फ्रिजवर तक्ता, कामाला चांदणी, दहा चांदण्यांना आइस्क्रीम. आम्हीही लावला होता. पहिला आठवडा घर चकाचक. तिसऱ्या आठवड्यात थोरलीला म्हटलं, "आजीला पाण्याचा पेला दे गं." ती म्हणाली, "किती स्टार?" त्या रात्री तक्ता काढला.

यात तिचा लोभीपणा नव्हता. १९७३ साली मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक साधा प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांची, रंगीत मार्करने चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मार्कर पुन्हा वर्गात ठेवले, या वेळी बक्षिसाची भानगड नाही. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं इतरांच्या निम्म्याच वेळात मार्कर टाकून उठली. बाकीच्यांची आवड होती तशीच राहिली. चित्र ही गंमत होती, ती बक्षिसाने मजुरी झाली. मजुरी बंद झाल्यावर काम कोण करतो?

वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ साली हेच मदतीबाबत तपासलं, वीस महिन्यांच्या मुलांवर. मदतीच्या बदल्यात ज्यांना खेळण्याची वस्तू मिळत गेली, ती मुलं वस्तू बंद झाल्यावर कमी मदत करू लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, त्यांची मदत चालू राहिली. म्हणजे "छान हं" म्हटल्याने काही बिघडत नाही. तरी मला वाटतं, प्रत्येक चमच्यामागे टाळ्या वाजवणंही जरा अतीच. आपण भांडी घासली की घरात कुणी टाळ्या वाजवतं का? त्यापेक्षा कामाचा परिणाम सांगावा. "मटार तू सोललेस म्हणून उसळ लवकर झाली." हे खरं असेल तेव्हाच म्हणावं, म्हणजे झालं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. सहकार्य करणारं मूल म्हणजे ऐकणारं मूल नव्हे. आपल्याकडे 'गुणी' म्हणजे सांगितलं की मुकाट्याने करणारा. पण जो फक्त सांगितल्यावरच करतो, त्याला रोज सांगायला माणूस लागतो. दूध ऊतू जात असताना बाजूला उभा राहून "मला कुणी सांगितलं नव्हतं" म्हणणारे गृहस्थ आपण सगळ्यांनी पाहिलेत, काहींनी त्यांच्याशी लग्नही केलंय. मूल स्वतः पाहून हात लावायला शिकावं असं वाटत असेल, तर त्याला 'नाही' म्हणायची मुभा द्यावी लागते. धाकटा कधी मेथी अर्धवट टाकून उठून जातो. जाऊ देतो. ओढून परत बसवला की त्या क्षणी त्याची लुडबुड संपली आणि माझी हुकूमत सुरू झाली. उद्या पुन्हा येतो की नाही बघायचं. येतो.

आता मुंबईचा प्रश्न. हे सगळं वाचून एखादी आई म्हणेल, माझी सात बाराची फास्ट आहे, मला पोळीचा गुजरात करत बसायला वेळ नाही. शंभर टक्के बरोबर. सकाळी सहा ते आठ ही मुंबईत कुणाला काही शिकवायची वेळच नव्हे. त्या वेळात मुलाला बाहेर पिटाळलं तर पिटाळलं, अपराधी वाटून घेऊ नका. सगळी कामं मुलासोबत करायची नाहीत. एखादंच काम असं निवडायचं की जे उशिरा झालं तरी कुणाचं अडत नाही. आमच्याकडे ते रात्री वाळलेले कपडे घडी करणं आणि रविवारची भाजी निवडणं. कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावणं हे तीन वर्षांच्या मुलाला कोड्यासारखं आवडतं. त्याहून लहान असेल तर वाळत घालताना चिमटे हातात देणं, लाइपझिगच्या मुलांसारखं. चार-पाचव्या वर्षी जेवायला ताट-वाट्या घेणं, वाणसामान आलं की डबे ओळखून भरायला मदत, भिजवलेल्या लसणीची सालं काढणं. सहा-सात वर्षांचं मूल तांदूळ निवडून धुऊ शकतं, कुकरला किती पाणी ते बोटाच्या पेराने मोजू शकतं. कुकर लावणं मात्र आपलं. गॅस, तापलेलं तेल, विळी, फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्या यांत लिंबूटिंबू नाही. खिडकीबाहेरच्या दोरीवर कपडे टाकायला स्टूल ओढून चढणं, हेही नाही. इथे सरळ ओरडावं.

भाजी आणायला मुलाला नेणं हेही त्यातलंच. फक्त आता एक अडचण झालीय. पूर्वी बाजारात पैसे मोजले जायचे, सुटे परत यायचे, मूल ते बघायचं. आता बाबा मोबाईल एका चौकोनासमोर धरतात आणि भाजी मिळते. धाकट्याच्या मते भाजी फुकट असते, फोटो काढला की देतात. म्हणून रविवारी मी मुद्दाम रोख नेतो आणि नाणी त्याच्या हाताने द्यायला लावतो. भंडुपला आमच्या भाजीवाल्या मावशी घाईतही थांबतात आणि त्याच्याकडून पैसे मोजून घेतात. गर्दीतले मागचे लोक थांबतात का? नाही. ते मला बोलतात.

आणि एक गोष्ट मुंबईकराच्या बाजूने. साडेचारशे चौरस फुटांच्या घरात मुलांची वेगळी खोली नसते याचं आपण दुःख करतो. पण स्वयंपाक, कपडे, आजीचं औषध, वडिलांचा ऑफिसचा फोन, सगळं मुलाच्या डोळ्यांसमोर घडतं, ही या विषयात तरी मोठीच सोय आहे. थोडं सामान खाली आणलं की पुरे. आम्ही पेले आणि ताटं सगळ्यात खालच्या ट्रॉलीत ठेवली आणि ओट्याशी एक जड, न हलणारं स्टूल. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हापासून त्या हेच सांगत होत्या की सामान मुलाच्या हाताला येईल असं ठेवा, आणि ओतणं, झाडणं, पुसणं, बटणं लावणं ही शिक्षणाचीच सुरुवात माना. मुंबईत जन्मलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी तो विचार मराठीत आणला आणि महागड्या परदेशी साधनांऐवजी आजूबाजूला मिळतं ते वापरलं. आज त्या विचारावर चालणाऱ्या काही महागड्या शाळांत मुलांना एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात डाळ ओतायला शिकवतात. घरी तीच डाळ सांडली की फटका. या विसंगतीवर हसावं की रडावं कळत नाही.

ताराबाईंच्याच कामातून या विषयाची दुसरी बाजू दिसते, आणि ती टाळून चालणार नाही. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, ते १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सोबत अनुताई वाघ. तिथली वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती कामात होती: गुरं राखणं, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणं. म्हणजे आपण ज्याला 'कुटुंबात सामील असणं' म्हणतोय ते त्यांच्याकडे भरपूर होतं, इतकं की बालपण आणि शाळा त्याखाली दबत होती. या दोघींनी काम वाईट म्हणून हाकाटी केली नाही. गुरं चरतात त्या कुरणावरच शाळा नेली, कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी, शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे भावंडाला घेऊन येणारी ताईही वर्गात बसू शकेल.

मदत आणि ओझं यांतली रेघ इथे आहे. मूल काम सोडून खेळायला जाऊ शकतं का? त्याच्या कामामुळे शाळा, झोप, खेळ बुडतो का? ते नसेल तर घर अडतं का? कायदाही साधारण हीच रेघ ओढतो. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. शाळेच्या वेळेबाहेर, शिक्षण न बुडवता घरच्यांना मदत चालते. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंची दहा वर्षांची मुलगी घरी दोन भावंडं सांभाळत असेल, तर तिला हा लेख सांगायची गरज नाही. तिला दुपारी मोकळं व्हायची गरज आहे. आणि आपलं मूल रोज पाहतंय की ताट ते टाकतं आणि ताई घासतात. निदान ताट खरवडून, विसळून ठेवायचं, ताई आहेत म्हणून नाही सोडायचं, हे आमच्याकडे सुरू केलंय. अजून सगळ्यांना आठवत नाही. मलाही.

आता ते 'तिला सांगावं लागत नाही'. चाळीत कातण मला आणि बहिणीला दोघांनाही मिळालं होतं. पण सातव्या-आठव्या वर्षी तिला बढती मिळाली आणि मला क्रिकेट. ती दहाव्या वर्षी वरणभाताचा कुकर लावत होती, मी सत्ताविसाव्या वर्षी यूट्यूबवर बघून लावला. कुणी दुष्टपणा केला नाही, आईने फक्त "त्याला खेळू दे" म्हटलं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, सहा वर्षांवरच्या भारतीयांत, एका दिवसात काहीतरी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांतही बायकांचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. दीड वर्षाच्या वयात चिमटा उचलायला मुलगे जात नाहीत असं कुठे आहे? जातात. पुढे त्यांना आपण परत बोलावतो. म्हणून आमच्या घरात धाकट्याला मेथीवरून उठवायला आजी आली की मी जरा जास्तच हट्टाने त्याला बसवून ठेवतो. त्यात माझा जुना हिशेब आहे, कबूल करतो.

राहिली थोरली. तिच्या वेळी आम्हाला हे काही सुचलं नव्हतं. नवी नोकरी, नवा ईएमआय, तिला टीव्हीसमोर बसवून आम्ही भराभर कामं उरकली. आता ती नऊ वर्षांची आहे आणि "जरा इकडे ये" म्हटलं की खोल सुस्कारा टाकते. गेलेली हौस परत येते का? येते, पण दोन वर्षांच्या मुलासारखी धावत नाही. हुकूम वाढवले की उलट मागे जाते. आम्ही एवढंच केलं की तिला बोलावणं बंद केलं आणि काम तिच्या जवळ नेलं. डिसेंबरात मटार स्वस्त झाले तेव्हा दोन किलो आणून ती टीव्ही बघत होती तिथेच, जमिनीवर, मी सोलायला बसलो. पहिल्या दिवशी तिने पाय वर घेतले. दुसऱ्या दिवशी चार दाणे खाल्ले. नंतरच्या आठवड्यात शेंगा, माझ्याकडे न बघता, तिच्या मांडीवर गेल्या. मी काही बोललो नाही, बायकोलाही डोळ्याने गप्प केलं. अर्धा किलो झाल्यावर तीच बोलली.

"पप्पा, तू सालं त्या पिशवीत का टाकतोयस? ती सुक्या कचऱ्याची आहे. कालपण टाकलीस."

मग उठली आणि ओल्या कचऱ्याचा डबा घेऊन आली.